गुडघ्यात मिठाचं पाणी की व्यायाम? डेन्मार्कच्या अभ्यासात काय निघालं



आपल्या गटांच्या नोंदवह्या तपासताना कर्जाच्या कारणाचा रकाना मी नेहमी बारकाईने वाचते. शेळी, बियाणं, मुलीची फी, घराचे पत्रे ही कारणं तर असतातच. पण अलीकडे तिथे एक शब्द वारंवार दिसतो, ‘गुडघे’. विचारलं की कळतं, गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचं होतं. कुणी एक घेतलं, कुणी तीन. कुणाला चार महिने बरं वाटलं, तर कुणाला पंधरा दिवसही नाही. हप्ते मात्र दोघींचेही सारखेच चालू राहिले.

आणि मीटिंगमध्ये प्रश्न येतो, “ताई, इंजेक्शन चांगलं का व्यायाम? आमच्या डॉक्टरांनी दोन्ही सांगितलंय.”

मी डॉक्टर नाही, समाजकार्य शिकलेली कार्यकर्ती आहे. पण या प्रश्नावर परदेशात झालेला एक चांगला अभ्यास मला वाचायला मिळाला आणि त्याचं उत्तर जरा विचित्र निघालं आहे. ते अर्धवट कुणाच्या कानावर पडलं तर भलताच अर्थ निघेल. म्हणून सगळंच नीट लिहिते.

आधी गुडघ्याचं थोडं समजून घेऊ. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतं, तिथे दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, लवचिक असं आवरण असतं. त्याला कूर्चा म्हणतात. आपण ‘गादी’ म्हणतो, डॉक्टर एक्स-रे बघून ‘गॅप कमी झाला’ म्हणतात, ते यावरूनच. वय वाढलं, वजन वाढलं, जुना मार असला, वर्षानुवर्षं उकिडवं बसून किंवा ओझं वाहून काम केलं, की हे आवरण पातळ होतं, हाडाच्या कडा वाढतात, आतलं अस्तर अधूनमधून सुजतं. हा झिजेचा संधिवात. पन्नाशीनंतर पुरुषांपेक्षा बायकांत तो जास्त दिसतो. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, एक्स-रे आणि दुखणं यांचा हिशेब जुळतोच असं नाही. एक्स-रेत खूप झीज दिसणारी बाई डोंगर चढते आणि थोडी झीज असलेली जिना उतरताना रडते. कारण दुखणं फक्त कूर्चेतून येत नाही. स्नायू किती मजबूत आहेत, झोप किती होते, मनावर ताण किती आहे, हे सगळं त्यात मिसळतं.

आता तो अभ्यास. डेन्मार्क हा युरोपातला छोटासा देश. तिथे २०१३ पासून गुडघे आणि खुब्याच्या संधिवातासाठी एक कार्यक्रम चालतो. दोन वर्ग माहितीचे आणि बारा वर्ग व्यायामाचे, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. तो इतका गाजला की कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांनीही उचलला. कार्यक्रम केलेल्या लोकांचं दुखणं कमी होतं, हे तर दिसतच होतं. पण कोपनहेगनच्या काही संशोधकांनी एक खवचट प्रश्न विचारला. हे लोक व्यायामामुळे बरे होतात, की नुसतं कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय म्हणून?

हे तपासायला त्यांनी गुडघ्याचा संधिवात असलेल्या २०६ जणांना घेतलं आणि त्यांचे दोन गट केले. कोण कुठल्या गटात जाणार हे डॉक्टरांनी ठरवलं नाही, रुग्णांनीही नाही. आपल्या भिशीत चिठ्ठी काढतो ना, तसंच ठरलं. का? कारण आवडीप्रमाणे निवडू दिलं असतं तर हौशी, धडधाकट लोक व्यायामाकडे गेले असते आणि थकलेले सुईकडे. मग तुलना कसली?

पहिल्या गटाने आठ आठवड्यांचा तो माहिती आणि व्यायामाचा कार्यक्रम केला. दुसऱ्या गटाला त्याच आठ आठवड्यांत गुडघ्यात चार इंजेक्शनं दिली. पण त्यात औषध नव्हतं, नुसतं सलाईन होतं. सलाईन म्हणजे काय, तर एक लिटर शुद्ध पाण्यात नऊ ग्रॅम मीठ. एका सुईत पाच मिली, म्हणजे चहाचा एक चमचा. त्यात मीठ किती येणार, चिमूटभरही नाही! अशा औषध नसलेल्या औषधाला प्लासिबो म्हणतात. आणि यात लपवाछपवी नव्हती बरं का. सुईत मिठाचंच पाणी आहे हे उघड होतं.

नवव्या आठवड्याला दोन्ही गटांना त्यांचं दुखणं विचारलं. मोजमाप ० ते १०० गुणांचं होतं. ० म्हणजे भयंकर दुखणं आणि १०० म्हणजे अजिबात दुखत नाही. व्यायामाच्या गटात सरासरी १० गुणांनी सुधारणा झाली. मिठाच्या पाण्याच्या गटात ७.३ गुणांनी. फरक फक्त २.७ गुणांचा. आणि अभ्यास सुरू करण्याआधीच त्यांनी ठरवून ठेवलं होतं, की फरक ८ गुणांच्या आत राहिला तर दोन्ही उपचार सारखेच मानायचे. म्हणजे निकाल लागला, सारखेच. पुढे वर्षभराने पुन्हा तपासलं, तेव्हाही दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हे वाचून दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. एक, “बघा, व्यायामबियाम काही कामाचा नाही.” दुसरी, “मग मलाही सलाईनच टोचा, स्वस्तात काम होईल.” दोन्ही चुकीच्या आहेत. का, ते सांगते.

मिठाच्या पाण्याने बरं कसं वाटलं, इथून सुरुवात करू. पहिलं कारण अगदी साधं आहे. गुडघेदुखी रोज एकसारखी नसते, ती चढते आणि उतरते. भातलावणीच्या, कापूस वेचणीच्या दिवसांत चढते, नंतर जरा शांत होते. आपण डॉक्टरकडे कधी जातो? अगदी असह्य झाल्यावर. म्हणजे दुखणं शिखरावर असताना. तिथून काहीही केलं नाही तरी ते थोडं खाली येणारच असतं. मे महिन्याच्या शेवटी विहिरीचा तळ दिसतो, तेव्हा गावात कुणी कुठलाही उपाय केला तरी महिना-दीड महिन्यात पाणी वाढलेलं दिसतं. श्रेय मात्र त्या उपायाला मिळतं.

दुसरं कारण माणसांचं आहे. दर दोन-तीन आठवड्यांनी कुणीतरी तारीख देतं, नावाने बोलावतं, गुडघा हातात घेऊन तपासतं, “कसं आहे आता?” विचारतं. आपल्यातल्या किती जणींना घरात हा प्रश्न कुणी विचारतं, सांगा बरं. आणि आता बरं वाटेल अशी आशा मनात आली की मेंदू दुखण्याचा आवाज खरोखरच कमी करतो. आपल्याकडे ‘सलाईन लावल्याशिवाय अंगात ताकद येत नाही’ म्हणणारे लोक गावोगावी आहेत. त्या बाटलीत बहुतेक वेळा हेच मीठ-पाणी असतं, फार तर साखर. तरी उठून बसतात!

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मिठाच्या पाण्याने बरं वाटलं म्हणजे तुमचं दुखणं खोटं होतं, नाटक होतं, असा अर्थ अजिबात होत नाही. बायकांच्या दुखण्याला ‘मनाचे खेळ’ म्हणायची घरोघरी सवय आहे, आणि या अभ्यासाचा तसा वापर कुणी केला तर ऐकून घेऊ नका. त्या २०६ जणांना संधिवात खराच होता. दुखणंही खरं होतं आणि आरामही खरा होता. फक्त तो आराम त्या चमचाभर पाण्यातून आला नव्हता.

गुडघ्याच्या बाबतीत हे नवीनही नाही. अमेरिकेत ह्यूस्टन इथे १८० रुग्णांवर एक अभ्यास झाला, २००२ साली तो छापून आला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून खरं ऑपरेशन केलं आणि काहींना नुसते वरून छेद देऊन टाके घातले. दोन वर्षं पाहिलं. दोघांचं दुखणं सारखंच!

मग व्यायामाचं काय? व्यायामाच्या गटालाही तारखा होत्या, लक्ष देणारी माणसं होती, आशा होती. म्हणजे त्यांच्या १० गुणांतही या गोष्टींचा वाटा आहेच. हे मान्य करायला हवं. ‘महिनाभर व्यायाम करा, गुडघे नव्यासारखे’ असं कुणी सांगत असेल, मग तो मोबाइलवरचा व्हिडिओ असो की शिबिरातले सर, ते खरं नाही. आठ आठवड्यांत मिळणारा फायदा मध्यम असतो, झिजलेली कूर्चा परत येत नाही.

पण अभ्यासाची दुसरी बाजूही बघा. काहीच उपचार न केलेला तिसरा गट त्यात नव्हता. त्यामुळे दोन्ही गटांची सुधारणा आपोआप किती झाली असती हे त्यातून कळत नाही. शिवाय मोजलं ते मुख्यतः दुखणं. व्यायामाचं काम तेवढ्यावर थांबत नाही. मांडीचा स्नायू बळकट होतो, तोल सुधारतो, पडण्याची भीती कमी होते, साखर आणि बीपी आटोक्यात राहायला मदत होते. मिठाच्या पाण्याने यातलं एकही होत नाही. मला विचाराल तर, दोन गोष्टींनी दुखणं सारखंच कमी होत असेल आणि एकीचे वर इतके फायदे असतील, तर मी तीच निवडेन.

आणि सलाईन टोचून घ्यायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. त्या अभ्यासात सुया निर्जंतुक करून, तज्ज्ञ डॉक्टरांनी दिल्या होत्या. सांध्यात सुई घालणं म्हणजे दंडावर सुई घेणं नाही. आत जंतू गेले तर सांध्यात पू होतो आणि काही दिवसांत सांधा कायमचा खराब होऊ शकतो. गावात सायकलवर, मोटारसायकलवर बॅग घेऊन फिरणाऱ्या कुणाच्या हातात आपला गुडघा देऊ नका.

आता ज्या इंजेक्शनसाठी आपण कर्ज काढतो त्यांच्याकडे येऊ, कारण ती मिठाच्या पाण्याची नसतात. मुख्यतः दोन प्रकार. एक स्टिरॉइडचं. गुडघा सुजून टम्म झाला असेल तर याने लवकर आराम पडतो, पण तो बहुधा काही आठवड्यांचा असतो. २०१७ साली छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासात १४० जणांना दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन दिलं. निम्म्यांना स्टिरॉइड, निम्म्यांना सलाईन. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता, उलट स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त पातळ झाली होती. म्हणजे एखाद्या वेळी, गरज असताना ठीक. पण ‘दर तीन महिन्यांनी या’ असं कुणी सांगितलं तर का, ते विचारा.

दुसरं जेलचं, ज्याला ‘वंगणाचं इंजेक्शन’ म्हणतात. हेच महाग असतं, हजारांत जातं. २०२२ साली याविषयीचे जगभरातले १६९ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. त्यातल्या मोठ्या अभ्यासांचा हिशेब केला तर जेलने प्लासिबोपेक्षा दुखण्यात १०० पैकी साधारण २ गुणांचाच जास्त फरक पडला. अंगाला जाणवणारही नाही इतका. “पण मला तर फरक पडला!” असं काही जणी म्हणतील. पडला असेल, मी नाकारत नाही. पण वर सांगितलेली विहीर आठवा.

स्टिरॉइड आणि व्यायाम यांची समोरासमोर तुलनाही झाली आहे. अमेरिकेच्या लष्करी दवाखान्यांत १५६ जणांवर. २०२० साली निकाल आला. त्यात ० ते २४० असं मोजमाप होतं, आणि इथे आकडा जितका कमी तितका त्रास कमी. सुरुवातीला दोन्ही गट १०७-१०८ च्या आसपास होते. वर्षाने इंजेक्शनचा गट ५५.८ वर आला आणि फिजिओथेरपीचा ३७ वर. तिथे व्यायामासोबत हाताने सांधा मोकळा करण्याचे उपचारही होते, हे खरं. तरी वर्षभराच्या हिशेबात व्यायामाची बाजू वरचढ ठरली.

“अगं, आम्ही दिवसभर कामच करतो की, तो व्यायाम नाही का?” हा प्रश्न ठरलेलाच. कामात गुडघ्यावर भार येतो, पण तो कामाच्या सोयीने येतो, गुडघ्याच्या नाही. निंदणीत तासन्‌तास उकिडवं बसणं म्हणजे गुडघा पूर्ण दुमडून दाबून धरणं. व्यायामात मांडीच्या स्नायूला मोजून-मापून, थोडं थोडं वाढवत काम दिलं जातं. व्यायाम फुकट असतो असं सगळेच लिहितात. पैसे लागत नाहीत हे खरं, पण बाईचा वेळ फुकट नसतो. म्हणून वीस मिनिटांत होतील असे आणि वस्तू न लागणारे चारच सांगते.

पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. पाच आकडे मोजा, सोडा. हे दहा वेळा. मग पाठीवर झोपून एक पाय दुमडा, दुसरा सरळ ठेवून वीतभर वर उचला, पाच मोजा आणि हळू खाली आणा. तिसरा माझा सगळ्यात आवडता, कारण त्याचा उपयोग रोज होतो. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं. धपकन नाही, तीन मोजत बसायचं. हात न टेकता जमत नसेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. चौथा, घराच्या पायरीवर भिंत धरून एक पाय चढवायचा-उतरवायचा. खुर्चीचा आणि पायरीचा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस, बाकीचे दोन रोज केले तरी चालतील.

थोडं दुखेल. घाबरू नका. डेन्मार्कच्या कार्यक्रमात एक सोपा नियम सांगतात. ० ते १० मध्ये दुखणं ५ पर्यंत गेलं तरी चालतं, पण दुसऱ्या दिवसापर्यंत ते नेहमीच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं, तर पुढच्या वेळी संख्या कमी करा. बंद करू नका, कमी करा. सहा-आठ आठवडे तरी द्या.

बरोबरीने भाकरी थापायला, भांडी घासायला, भाजी निवडायला उंच पाट किंवा स्टूल घ्या. शौचाला बसताना त्रास होत असेल तर प्लास्टिकच्या खुर्चीचा कमोड मिळतो, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. वजन जास्त असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. शरीराचं एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. गोळ्यांबद्दल एवढंच, की वेदनाशामक गोळी रोज स्वतःच्या मनाने घेतली तर पोट आणि किडनी दोन्ही बिघडतात. वरून लावायचं मलम त्यापेक्षा सुरक्षित असतं, डॉक्टरांना त्याविषयी विचारा.

गटाकडे एक विनंती. गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी कर्जाची मागणी आली तर ती लगेच नाकारू नका. तो तिचा निर्णय आहे आणि दुखणं तिला होतंय. पण तिच्याबरोबर एकीला डॉक्टरांकडे पाठवा आणि चार गोष्टी विचारून यायला सांगा. हे इंजेक्शन कुठलं, स्टिरॉइड की जेल? आराम किती दिवस राहील? पुन्हा घ्यावं लागेल का, आणि एकूण खर्च किती? आधी दोन महिने व्यायाम करून पाहिला तर काही नुकसान आहे का? चांगले डॉक्टर या प्रश्नांना चिडत नाहीत. आणि व्यायाम एकटीने टिकत नाही, मीटिंगला जमल्यावर पहिली दहा मिनिटं सगळ्या जणींनी खुर्चीवरून उठ-बस केली तरी सुरुवात होते. दोन गटांनी हे चालू केलंय, कोण किती वेळा उठलं हे हजेरीच्या वहीत मागच्या पानावर लिहितात.

आणि हे सगळं झिजेच्या दुखण्यासाठी आहे हे विसरू नका. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, पडल्यावर पायावर उभंच राहता येईना, गुडघा मध्येच अडकून बसला आणि सरळ होईना, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं थांबेना, किंवा हाताची बोटं आणि इतर सांधेही सकाळी तासभर आखडून राहत असतील, तर व्यायाम करत बसू नका. त्याच दिवशी आशाताईंना सांगा आणि ग्रामीण रुग्णालयात दाखवा.